आरशावरची चादर

"काढ ती चादर."

"नाही काढणार."

"सलून आहे हे! आरसा झाकून केस कापणारी तू जगातली पहिली."

"मग बाहेर तशी पाटी लाव. गर्दी होईल."

"गर्दी! सकाळपासून दोघी आत डोकावून परत गेल्या. एक तर म्हणाली, आत रंगकाम चाललंय वाटतं, नंतर येते."

"चाललंच आहे की रंगकाम," धाकटी म्हणाली आणि खुर्चीतल्या बाईंच्या भांगात ब्रशनं आणखी एक काळा पट्टा ओढला.

खुर्चीतल्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. सगळा जन्म काचेमागे बसून लोकांना 'सही जुळत नाही' असं सांगण्यात गेलेला, त्यामुळे कोणाच्याही भांडणात मधे बोलायला त्यांना संकोच वाटत नसे. "तुम्ही खुशाल भांडा," त्या म्हणाल्या, "पण रंग जास्त वेळ राहिला तर माझी टाळू भाजते. आणि मला माझं डोकंच दिसत नाहीये. ही कसली शिक्षा?"

"तिला विचारा," थोरली म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना."

थोरली आपल्या खुर्चीमागे उभी होती आणि आपल्या आरशात बघून भांडत होती. तिच्या आरशाच्या कडेला धाकटी अर्धी दिसायची, एक खांदा, एक कान, ब्रश धरलेला हात. त्या अर्ध्या धाकटीवर ती डाफरत होती. राग आला की थोरलीच्या डाव्या भुवईवरची बारीक खूण वर चढायची. लहानपणी धाकटीनं फेकून मारलेल्या कंगव्याची ती आठवण. आत्ता ती खूण पार कपाळाला भिडली होती.

"दोनदाच बोलावतात ना त्या कॉलेजात मुलाखतीला?"

"दोनदाच."

"एकदा जाऊन आलीस. तोंडावर पडलीस. आता दुसऱ्यांदा पडायला धंदा कशाला बुडवतेस माझा?"

"दुसऱ्यांदाच आहे आणि तिसऱ्यांदा नाहीये, म्हणूनच चादर आहे, ताई."

"म्हणजे काय?"

"सांगून झालंय. तू ऐकत नाहीस."

"ऐकतेय की. कळत नाही, ती गोष्ट वेगळी."

तर ही चादर आरशावर कशी आली, ते नीट सांगायला हवं.

सलून आईचं. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक बेसिन आणि बेसिनच्या काठाला मान टेकवायचा रबरी पट्टा. थोरली शाळा संपल्याबरोबर आईच्या हाताखाली आली आणि तिथेच रुजली. धाकटी मात्र पुस्तकातली. ती सायन्सला गेली, एक वर्ष झालंही, आणि मग आईची मनगटं आखडली. आई म्हणाली, तात्पुरती ये. धाकटी तात्पुरती आली. त्या 'तात्पुरत्या'नं तिची वीसेक वर्षं ढेकर न देता गिळली. मधल्या काळात तिचं लग्न झालं, नवरा वायरमन, माणूस चेष्टेखोर आणि जीव लावणारा. हात असा बसला की लोक नंबर लावून धाकटीकडूनच केस कापून घ्यायला लागले. सगळं ठीक चाललं होतं. ठीक चाललेलं मोडायला माणसाला मोठं कारण लागतं म्हणतात. धाकटीला एक स्टूल पुरलं.

आई शेवटच्या आजारपणात बरेच दिवस दवाखान्यात होती. धाकटी रोज तिचे केस धुवायला, विंचरायला जायची. वॉर्डात एक मोठे डॉक्टर यायचे. खाटेच्या पायाशी उभे राहून रिपोर्ट चाळायचे, काहीतरी बोलायचे आणि पुढच्या खाटेकडे सरकायचे. ते गेले की आई म्हणायची, "हा माझ्याशी बोलतच नाही गं, कागदांशी बोलतो. कागदांना बरं वाटत असेल बिचाऱ्यांना."

मग एक दिवस एक तरुण डॉक्टर बाई आली. तिनं कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढलं, आईच्या तोंडासमोर बसली आणि आईला तिच्याच पोटात काय चाललंय ते सांगितलं. चांगलं काहीच नव्हतं त्यात. आईनं दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, मान हलवली. त्या दुपारी आई कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

आई गेली. धाकटी मात्र सलूनच्या सुट्टीच्या दिवशी वॉर्डात जात राहिली, खाटेवरच्या लोकांचे केस कापायला. आणि दर खेपेला तिची नजर कोपऱ्यातल्या त्या स्टुलाकडे जायची. वर्षभरानं एकदा जेवता जेवता ती नवऱ्याला म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचंय."

नवऱ्यानं घास गिळला. "हो. पण मला शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद कर. पुस्तक नंतर उघड."

एवढ्यावर घरातली चर्चा संपली. बाहेरची सुरू झाली.

मेडिकल कॉलेजच्या खिडकीतला कारकून तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "वयाची अट नाही आमच्याकडे. पण…"

"पण काय?"

"नाही, अट नाही."

"मग पण कशाला म्हणालात?"

"सवय," तो म्हणाला.

अट वयाची नव्हती, मार्कांची होती. जुने मार्क फार जुने झाले होते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, सगळं पुन्हा पहिल्यापासून द्यायचं. ती संध्याकाळच्या क्लासला गेली, तर दारातल्या शिपायानं अडवलं. "पालकांची मीटिंग उद्या आहे, बाई."

"मी विद्यार्थी आहे."

शिपायानं तिच्या मागे कोणी दिसतंय का ते बघितलं. मग दार सोडलं.

सलूनमध्ये जिला जग धाकटी म्हणायचं, ती वर्गात आजीबाई झाली. पोरं 'मावशी' म्हणायची, लाडात आली की 'डॉक्टर मावशी'. शेजारी जाड चष्म्याची एक हुशार मुलगी बसायची, चष्मिश म्हणून ओळखली जाणारी. तिलाही मेडिकललाच जायचं होतं. धाकटीनं बायॉलॉजीच्या वहीत पहिल्यांदा हृदय काढलं तेव्हा चष्मिशनं वाकून बघितलं आणि खुदकन हसली.

"मावशी, उलटं काढलंय."

"उलटं कसं? डावीकडे असतं ना?"

"पेशंटच्या डावीकडे. तो आपल्यासमोर उभा असतो, म्हणून आपल्याला उजवीकडे दिसतं. तुमचा पेशंट तुमच्याकडे पाठ करून बसलाय!"

सगळा बाक हसला. धाकटीही हसली आणि तिनं खोडरबर मागितलं. पण बरोबरच होतं तिचं, तिच्या हिशोबानं. तिच्याकडे माणसं पाठ करूनच बसायची. तेव्हा तिला एवढंच वाटलं, की चूक झाली, सुधारली. त्या चुकीची मुळं किती खोल आहेत ते कळायला अजून अवकाश होता.

परीक्षा झाल्या. फिजिक्सनं तिला रडवलं, केमिस्ट्रीनं तारलं. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि थोरलीनं स्वतःच्या हातानं तिचे केस सेट करून दिले, म्हणाली, "जा, एकदाची हौस फिटू दे." धाकटी गेली, तिघांसमोर बसली, घडाघडा बोलली. बाहेर आली ती हवेत. नवऱ्याला फोनवर म्हणाली, "झालंच म्हणून समज."

झालं नाही. कॉलेजनं नकाराबरोबर दोन ओळींचा शेरा पाठवला: उमेदवार बोलताना नजर टाळतात, समोरच्याशी संवाद साधत नाहीत.

"मी? संवाद?" धाकटी हातातला पाण्याचा फवारा तसाच धरून उभी राहिली. "बायका नवऱ्याला सांगत नाहीत ते मला सांगतात!"

"निमित्त लागतं त्यांना," थोरली आरशात म्हणाली. "केस कापणारीला घ्यायचं नाही, हे कसं लिहिणार? काहीतरी लिहिलं."

धाकटीलाही तेच पटलं. पटवून घेतलं की फार दुखत नाही. पण तिला दुखलं नाही एवढ्यानं भागणार नव्हतं. तिला जायचं होतं. म्हणून ती केमिस्ट्रीच्या सरांकडे गेली. सर तिच्यापेक्षा वयानं लहान, पण डोक्यावर एक केस नाही, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून कधी सलूनमध्ये आलेले नव्हते. क्लास सुटल्यावर त्यांनी तिला प्रयोगशाळेत समोर बसवलं, मधे लांबलचक टेबल. "चला. समजा मी ते तिघे. सांगा, डॉक्टर का व्हायचंय?"

धाकटी बोलायला लागली. वाक्यं कशी तयार होती, स्वच्छ, धुतलेली. सर ऐकत होते. मधेच त्यांनी मागे वळून बघितलं. पुन्हा पुढे बघितलं. थोड्या वेळानं परत वळून बघितलं.

"थांबा. माझ्यामागे कोण आहे?"

"कोणी नाही, सर."

"मग तुम्ही कोणाशी बोलताय?"

सरांच्या मागे बाटल्यांचं कपाट होतं. काचेच्या दारांचं. काचेत सरांच्या डोक्याची गुळगुळीत मागची बाजू दिसत होती आणि तिच्या वर धाकटीचा स्वतःचा चेहरा. ती काचेशी बोलत होती. मनापासून, हातवारे करून, डोळ्यात डोळे घालून. फक्त डोळे काचेतले होते.

तिला एकदम ती मुलाखतीची खोली आठवली. तिघांच्या मागे मोठी बंद खिडकी, बाहेर आभाळ भरून आलेलं, आणि काचेत तीन पाठमोरी डोकी. मधल्या साहेबांचे केस मागून विरळ होते, हेही तिला आठवलं. त्यांचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना.

वीस वर्षं तिनं माणसांच्या मागे उभं राहून काचेत त्यांच्याशी गप्पा मारल्या होत्या. मरणाच्या, लग्नाच्या, सवतीच्या, सासूच्या. लोक तिच्याजवळ रडले होते, काचेत. वॉर्डातही ती खाटेच्या डोक्याशी उभी राहायची आणि बोलायची ती समोरच्या खिडकीत बघून. माणसाच्या तोंडावर, मधे काच नसताना, ती शेवटचं कधी बोलली होती?

आणि मग आईचा आवाज आला, जसाच्या तसा. हा माझ्याशी बोलतच नाही गं.

"सर," ती म्हणाली, आणि सरांकडे बघायचा प्रयत्न केला. दोन क्षण टिकली, तिसऱ्या क्षणी नजर सटकन कपाटावर. "अवघड आहे हो हे."

"फिजिक्सपेक्षा?"

"फिजिक्स परवडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरून फुलाफुलांची जुनी चादर आणली आणि आपल्या आरशाच्या खिळ्यांना अडकवून टाकली.

आता गिऱ्हाईक बसलं की ती पुढे यायची, गुडघे वाकवायची आणि तोंडासमोर तोंड आणून विचारायची, "कसे कापू?" पहिल्या दिवशी एक बाई चक्क लाजल्या. एकीनं विचारलं, "माझ्या चेहऱ्यावर काही आलंय का?" एका शाळामास्तरीणबाईंची झुलपं तिरकी कापली गेली, कारण हात आरशातल्या डाव्या-उजव्याला सरावलेला. त्या दिवशी थोरलीनं फुकटात झुलपं सरळ करून दिली आणि नंतर ड्रायर आपटला.

हे असं चाललं होतं, आणि त्यातल्याच एका सकाळी ते भांडण पेटलं होतं.

"आईनं दोन खुर्च्या लावल्या," थोरली आरशात म्हणत होती. "दोन. विसरलीस?"

"नाही विसरले."

"तुझी रिकामी झाली तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, एक रिकामी आहे, लवकर नंबर लागेल."

"सगळ्याची चेष्टा!"

"अहो, भाजतंय!" बँकवाल्या बाई ओरडल्या.

धाकटीनं त्यांना बेसिनकडे नेलं, डोकं धुतलं आणि पुसता पुसता सवयीनं त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मग स्वतःलाच दटावल्यासारखी पुढे आली, वाकली. "झोंबलं का फार? माझं चुकलं."

बँकवाल्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "इतक्या जवळून तू पहिल्यांदाच दिसलीस," त्या म्हणाल्या. "दमलेली दिसतेस गं." आणि पुढच्या महिन्यात त्या थोरलीच्या खुर्चीत जाऊन बसल्या. आरसा हवा होता त्यांना.

दुसरी मुलाखत त्याच खोलीत झाली. तीच खिडकी. माणसं वेगळी: एक साहेब फाईल वाचणारे, एक तरुण गप्प बसणारा, आणि मधे रुपेरी केसांच्या मॅडम. मॅडमचे केस पुढून सुंदर, पण मागून कसे कापलेत हे बघायची धाकटीला अशी तलफ आली की विचारू नका. काच होतीच मागे. एक नजर टाकली की झालं. तिनं बोटं मांडीवर गच्च धरली आणि मॅडमच्या डोळ्यांकडे बघितलं. डोळे तपकिरी होते. डाव्या डोळ्याखाली थोडी सूज. झोप झाली नसावी.

"तुम्हाला जागा दिली," मॅडम म्हणाल्या, "तर एखाद्या अठरा वर्षांच्या मुलीची जाते. तिच्यापुढे तुमच्या दुप्पट वर्षं आहेत काम करायला. त्या मुलीला काय सांगाल?"

धाकटीची नजर निसटली. अर्धी खिडकीपर्यंत गेली. तिनं तिला मानगुटीला धरून परत आणली.

"ती मुलगी मला माहिती आहे," ती म्हणाली. "माझ्याच बाकावर शेजारी बसते. मला हृदय काढायला तिनंच शिकवलं. तिला मी सांगेन, माझ्यापेक्षा जास्त मार्क पाड. पडतीलच तिला. पण तिला वाईट वाटेल म्हणून मी बाजूला होणार नाही. आणि माझं वय बघून तिनं बाजूला व्हावं असंही म्हणणार नाही. तुम्ही दोघींना बघा आणि ठरवा."

साहेबांनी फाईलमधून मान वर केली. "मागच्या वेळी इथे लिहिलंय, नजर टाळतात. आज तर टाळत नाही आहात."

"आजही टाळत होते, साहेब. फक्त ओढून आणत होते." आणि तिनं आरशाचं सांगितलं, चादरीचं, तिरक्या झुलपांचं. गप्प बसणारा तरुण मोठ्यानं हसला. मॅडमचा हात नकळत स्वतःच्या मानेमागे केसांकडे गेला. "मागून कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"बघितले नाहीत," धाकटी म्हणाली. "आज बघायचे नाहीत असं ठरवून आले होते."

ती खोलीबाहेर आली. या वेळी तिनं नवऱ्याला फोन करून काहीच म्हटलं नाही. सलूनमध्ये आली, ॲप्रन बांधला आणि वाट बघत असलेल्या म्हातारीच्या समोर वाकली. "कसे कापू, आजी?"

थोरलीनं आरशात बघितलं. इतके दिवस रोज कावकाव करणारी थोरली त्या दिवसापासून गप्प झाली. चादरीबद्दल चकार शब्द नाही. धाकटीला ते भांडणापेक्षा जड गेलं.

निकाल आला तो एका दुपारी. फोन पिनांच्या वाटीत होता. तो थरथरला तशा पिना खुळखुळल्या. धाकटीनं वाचलं. पुन्हा वाचलं. फोन परत वाटीत ठेवला, हात धुतले, पुसले. आणि चालत जाऊन थोरलीच्या खुर्चीच्या पुढे, आरशाला पाठ लावून उभी राहिली. खुर्चीत बँकवाल्या बाई होत्या, अर्धे केस कापून झालेले, अर्धे चिमट्यात वर बांधलेले.

"ताई, मिळाली जागा."

थोरलीची कात्री थांबली नाही. "वाटलंच होतं."

"अगोबाई!" बँकवाल्या बाई म्हणाल्या. "अभिनंदन गं! आणि चष्म्याची ती पोरगी?"

"तिला माझ्या आधीच."

"वा! पण जरा बाजूला हो, मला परत काही दिसत नाहीये."

धाकटी हलली नाही. "ताई, मी परवानगी मागत नाहीये. जाणार आहे, हे ठरलंय. पण तुला काय वाटतं ते मला ऐकायचंय. काचेत नाही. तोंडावर."

"काम चाललंय माझं."

"थांबव."

"गिऱ्हाईक आहे."

"माझं काही नाही," बँकवाल्या बाई म्हणाल्या. "मी ऐकतेय."

थोरलीनं सवयीनं मान वर केली. आरशाच्या जागी धाकटी उभी होती. तिनं नजर शेजारच्या आरशाकडे वळवली. तिथे फुलाफुलांची चादर होती. सबंध सलूनमध्ये बघायला काच म्हणून उरली नव्हती.

"मी गेले की तू एकटी पडशील," धाकटी म्हणाली. "त्याचाच राग आहे ना? की दुसरं काही आहे? एकदा बोल ना, ताई. वाटेल ते बोल."

थोरलीनं तिच्याकडे बघितलं. भुवईवरची ती कंगव्याची खूण रोजच्यापेक्षा उलट्या बाजूला होती. क्षणभर धाकटीला वाटलं, ही कोणी दुसरीच बाई आहे, हुबेहूब ताईसारखी. आणि मग वाटलं, नाही, हीच ती, दुसरी होती ती काचेतली. थोरलीनं अंगठ्यानं धाकटीच्या गालावर चिकटलेला एक कापलेला केस हळूच टिपला, गिऱ्हाइकाचा टिपतात तसा. मग कात्री धाकटीच्या हातात ठेवली आणि ॲप्रनची गाठ सोडली.

"अहो, माझं अर्धं डोकं!" बँकवाल्या बाई म्हणाल्या.

थोरलीनं दार ढकललं आणि एकटं पडणं कसं असतं ते दाखवल्यासारखी ती बाहेर निघून गेली.